नंबर चष्म्याचा, लांबी डोळ्याची

“डॉक्टर, पहिलाच चष्मा आहे, पूर्ण नंबर नका देऊ. थोडा कमीच द्या. डोळ्याला सवय लागली की नंबर वाढतच जातो.” लहान मुलांचे डोळे तपासणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला हे वाक्य पाठ झालेलं असतं. म्हणणारी बहुधा आजी असते, कधी वडील. यात हसण्यासारखं काही नाही. विसाव्या शतकात कितीतरी नेत्रतज्ज्ञही असंच मानत आणि मुद्दाम थोडा कमी नंबर लिहून देत. तर्क पटण्यासारखाच होता. जवळचं वाचताना डोळ्यातलं नैसर्गिक भिंग फुगवावं लागतं, त्यासाठी आतला स्नायू आवळावा लागतो. मायनस नंबरचा चष्मा घालून वाचलं की हे काम आणखी वाढतं. काम वाढलं की डोळा थकतो, बिघडतो. तेव्हा नंबर कमी द्या, डोळ्याला आराम पडेल.

मलेशियात काही संशोधकांनी हा तर्क तपासून पाहिला. ९ ते १४ वर्षांची ९४ मुलं घेतली आणि सोडतीने त्यांचे दोन गट केले. एका गटाला पूर्ण नंबरचा चष्मा, दुसऱ्याला साधारण पाऊण नंबर कमी. निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. दोन वर्षांत पूर्ण नंबरवाल्या मुलांचा नंबर सरासरी ०.७७ ने वाढला होता आणि कमी नंबरवाल्यांचा १.०० ने. ज्या डोळ्यांना आराम दिला होता तेच जास्त वेगाने बिघडले होते. फरक पाव नंबराचाच, पण भलत्या दिशेला. पुढचे अभ्यास सगळे एका सुरात बोलले नाहीत हे खरं, तरी कमी नंबर देण्याच्या बाजूने भरवशाचा पुरावा काही उभा राहिला नाही.

चष्मा आणि कॉन्टॅक्ट लेन्सच्या संशोधनात असं पुनःपुन्हा झालेलं आहे. पटणारी गोष्ट तपासायला घेतली की ती निसटते. म्हणून या संशोधनाकडे पाहताना शोध कोणी लावला यापेक्षा तुलना कशाशी केली आणि मोजलं नेमकं काय, हे विचारावं असं मला वाटतं.

आधी थोडं डोळ्याविषयी. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. प्रकाश वळवण्याची त्याची एकूण शक्ती साठेक डायॉप्टर. त्यातली दोन तृतीयांश एकट्या कॉर्नियाची, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक पटलाची. उरलेली आतल्या भिंगाची. डायॉप्टर म्हणजेच आपला ‘नंबर’. भिंगाचं नाभीय अंतर मीटरमध्ये घ्यायचं आणि एकाला त्याने भागायचं. मायनस दोन नंबरच्या माणसाला चष्म्याशिवाय अर्ध्या मीटरपर्यंत स्वच्छ दिसतं, मायनस पाचच्या माणसाला वीस सेंटिमीटरपर्यंत, त्यापुढे सगळं पुसट. प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते म्हणून असं होतं, हे केप्लरने १६०४ साली मांडलं. डच डॉक्टर डाँडर्स यांनी १८६४ च्या आपल्या ग्रंथात निकटदृष्टिता, दूरदृष्टिता आणि चाळिशीनंतरची अडचण या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत हे नीट सोडवून दाखवलं. तोवर त्यांची भेसळ होत असे. सिलिंड्रिकल नंबरची गोष्ट त्याही आधीची. जॉर्ज एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने आपल्याच डोळ्यातला दोष मोजून १८२५ च्या सुमारास त्यावर दंडगोल भिंग करवून घेतलं.

पण मुलांच्या वाढत्या मायनस नंबरमागे बहुतेक वेळा एकच कारण असतं. डोळा लांब होतो. कॉर्निया आणि भिंग जिथल्या तिथे असतात, मागचं दृष्टिपटल मात्र मागे सरकतं. एक मिलिमीटर लांबी वाढली की साधारण अडीच नंबर. चष्म्याने प्रतिमा पुन्हा पडद्यावर येते, मूल फळा वाचायला लागतं, पण लांबलेला डोळा लांबलेलाच राहतो. आणि धोका त्या लांबीत आहे. दृष्टिपटल ताणलं जातं, पातळ होतं. चाळिशी-पन्नाशीनंतर पडदा सरकणं, मध्यबिंदू खराब होणं हे त्याचे परिणाम. मार्क बुलिमोर आणि नोएल ब्रेनन यांनी २०१९ मध्ये हिशोब मांडला की वाढणारा एक नंबर जरी रोखला, तरी मध्यबिंदूच्या या आजाराची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते. दिल्लीच्या शाळकरी मुलांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत १३ टक्के मुलांना मायनस नंबर सापडला होता. पूर्व आशियातल्या शहरांत शाळा संपेपर्यंत बहुसंख्य मुलांना तो लागलेला असतो. ब्रायन होल्डन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये केलेल्या अंदाजानुसार २०५० पर्यंत जगातली जवळपास निम्मी माणसं निकटदृष्टीची असतील.

आता प्रश्न असा, की डोळा लांब का होतो?

मुलगा वाढतो तशी आपण पँटची खालची दुमड उसवतो. पँट मुलामागे जाते. पँटमुळे मुलाची उंची वाढत नाही. चष्म्याकडेही शतकानुशतकं याच नजरेने पाहिलं गेलं. डोळा आपल्या आनुवंशिकतेने वाढतो, चष्मा मागून नंबर बदलत जातो. १९७७ मध्ये या समजुतीला पहिला मोठा तडा गेला. टॉर्स्टेन वीझेल आणि एलिओ राव्हिओला यांनी माकडाच्या पिल्लांची एक पापणी शिवली होती. डोळ्याला स्पष्ट आकृत्या दिसू दिल्या नाहीत तर काय होतं, हे पाहायचं होतं. बंद ठेवलेला डोळा उघड्या डोळ्यापेक्षा लांब झाला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जॉश वॉलमन यांनी कोंबडीच्या पिल्लांमध्ये हे दाखवलं. दहा वर्षांनी पिल्लांच्या डोळ्यांवर भिंगं बसवण्यात आली. मायनस भिंग लावलं की डोळा भराभर लांब होई, प्लस भिंग लावलं की वाढ मंदावे, आणि तेही काही दिवसांत. डोळ्याला बाहेरून दिलेल्या भिंगाशी तो स्वतःच्या लांबीने जुळवून घेत होता. ही पँट मुलाची उंची ठरवत होती.

याहून विलक्षण भाग पुढे आहे. डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस कापली, तरी डोळ्याची वाढ दिसण्यावरून ठरतच राहिली. म्हणजे निर्णय मेंदूत होत नाही, दृष्टिपटलातच होतो. वॉलमन यांनी दृष्टीच्या निम्म्याच भागावर धूसर आवरण घातलं, तर डोळ्याचा तेवढाच भाग फुगला. ह्यूस्टनच्या अर्ल स्मिथ यांनी माकडांच्या दृष्टिपटलाचा मध्यबिंदू लेसरने नष्ट केला. अक्षरं वाचायला लागणारा भाग तोच. तरीही डोळ्याच्या वाढीचं नियंत्रण बिघडलं नाही. बारीक दिसण्यासाठी आपण मध्यबिंदू वापरतो, पण डोळा किती वाढायचं हे कडेच्या भागालाही विचारतो.

इथे साध्या चष्म्याची अडचण लक्षात येते. लांबलेला डोळा अंड्यासारखा झालेला असतो. समोरची प्रतिमा मध्यबिंदूवर आणली, तरी कडेला ती पडद्याच्या मागे पडू शकते, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून प्रतिमा मागे पडणं म्हणजे डोळ्याला ‘वाढ’ असा निरोप. हे माणसांत शंभर टक्के असंच घडतं, असं म्हणायला मी तयार नाही; त्यावर वाद चालू आहेत. पण यातून एक कल्पना निघाली. मध्यभागी पूर्ण नंबर आणि भोवतालच्या वलयांत थोडा प्लस, असं भिंग दिलं तर? चष्म्यात नजर इकडेतिकडे फिरते. कॉन्टॅक्ट लेन्स मात्र बुबुळाबरोबरच फिरते, तिची वलयं सदैव जागच्या जागी.

कॉन्टॅक्ट लेन्सने नंबर थांबतो, हा दावा मात्र या सगळ्या विज्ञानाच्या आधीचा आहे, आणि त्याची हकिगत मोठी बोधक आहे. सुमारे १९५० पासून कडक प्लॅस्टिकच्या लेन्स आल्या. त्या देणाऱ्यांना वर्षानुवर्षं दिसत होतं की कडक लेन्सवाल्या मुलांचा नंबर चष्मेवाल्यांपेक्षा हळू वाढतो. आपल्याकडेही या कडक लेन्सच्याच एका प्रकाराला ‘सेमी-सॉफ्ट’ म्हणत, आणि ‘सेमी-सॉफ्ट लावा, नंबर स्थिर राहील’ असं सांगितलं जाई. दाव्याला पुरावा होता तो असा: मुलांना लेन्स द्या आणि जुन्या कागदांमधल्या चष्मेवाल्या मुलांशी तुलना करा. यात किती गफलती! लेन्स घेणारी मुलं वयाने मोठी असतात, आणि वयाबरोबर नंबर वाढण्याचा वेग आपोआप मंदावतो. ज्यांना लेन्स सहन होत नाही ती गळून जातात, टिकलेल्यांचीच सरासरी उरते. नंबर हिवाळ्यात जास्त वाढतो आणि उन्हाळ्यात कमी, त्यामुळे सहा महिन्यांचा अभ्यास कधी सुरू केला यावर उत्तर फिरतं. सिंगापूरमध्ये एका मोठ्या चाचणीत कडक लेन्स दिलेल्यांपैकी पुष्कळ मुलांनी त्या मधेच सोडल्या, आणि जे हाती आलं त्यात फायदा दिसलाच नाही.

अमेरिकेत जेफ्री वॉलाइन यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत एक शहाणपणाची युक्ती होती. आधी सगळ्यांनाच कडक लेन्सची सवय करायला दिली. ज्यांना जमलं अशी ८ ते ११ वर्षांची ११६ मुलंच सोडतीत घेतली. अर्ध्यांना कडक लेन्स ठेवल्या, अर्ध्यांना मऊ दिल्या. त्यामुळे गळती कमी झाली. तीन वर्षांनी कडक लेन्सवाल्यांचा नंबर सरासरी १.५६ ने वाढला होता, मऊ लेन्सवाल्यांचा २.१९ ने. जुना दावा सिद्ध झाला म्हणायला हरकत नव्हती. पण त्यांनी डोळ्यांची लांबीही मोजली होती. लांबीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता! कडक लेन्सने कॉर्निया थोडा चपटा राहिला होता, म्हणून नंबर कमी भरला. डोळा मागे वाढायचा तेवढा वाढतच होता. फक्त नंबर मोजला असता तर आजही आपण समाधानाने सेमी-सॉफ्ट लिहून देत राहिलो असतो.

मोजण्याविषयी इथे थोडं थांबायला हवं, कारण चाचणीचं सगळं वजन त्यावर असतं. मुलाचा नंबर नुसता यंत्रासमोर बसवून घेतला तर तो खोटा येऊ शकतो. मूल नकळत जवळ पाहण्याचा स्नायू आवळतं आणि मायनस जास्त भरतो. म्हणून आधी तो स्नायू शिथिल करणारे थेंब घालतात. थेंब चुरचुरतात, मूल डोळे मिटून आईच्या मांडीवर डोकं ठेवतं, अर्धापाऊण तास जातो, बाहुल्या मोठ्या होतात. मग अंधाऱ्या खोलीत डॉक्टर हातातल्या दिव्याची प्रकाशाची उभी पट्टी बाहुलीवरून फिरवतात. आतून लालसर झाक परत येते. पट्टी उजवीकडे नेली की झाक उजवीकडे सरकली, की डावीकडे? डावीकडे गेली तर डोळ्यासमोर मायनस भिंग धरायचं, मग आणखी एक, असं करत झाक सरकायची थांबते आणि बाहुली एकदम भरून उजळते. तेव्हा हातातल्या भिंगात डॉक्टर उभे असलेल्या अंतराचा हिशोब घातला की नंबर मिळतो. मुलाने ‘दिसतंय, नाही दिसत’ असं काही सांगावं लागत नाही. लांबीसाठी १९९९ च्या सुमारास प्रकाशकिरणांच्या व्यतिकरणावर चालणारं यंत्र आलं. डोळ्याला स्पर्श नाही, हनुवटी टेकवायची आणि आतल्या खुणेकडे पाहायचं. मिलिमीटरचे शतांश हाती येतात. या यंत्राशिवाय पुढचा इतिहास घडला नसता, असं म्हणायला मला संकोच वाटत नाही.

वॉलाइन यांच्याच गटाने मऊ लेन्सविषयीची भीतीही तपासली. लेन्स लावली की मुलांचा नंबर झपाट्याने वाढतो, अशी ती भीती. ८ ते ११ वर्षांच्या ४८४ मुलांना तीन वर्षं साध्या मऊ लेन्स किंवा चष्मा देऊन पाहिलं. वाढीत म्हणावा असा फरक नव्हता. लेन्सवाल्या मुलांना आपलं दिसणं, खेळातली तयारी आणि मित्रांत सामावणं याबद्दल मात्र जास्त बरं वाटत होतं.

लांबीवर खरा परिणाम दिसला तो रात्री झोपताना घालायच्या एका वेगळ्या कडक लेन्सने. तिचा मधला भाग मुद्दाम चपटा केलेला असतो. रात्रभरात कॉर्नियाचा वरचा पेशींचा थर मध्यभागी पातळ होतो, भोवती जाड होतो. सकाळी लेन्स काढली की दिवसभर चष्म्याशिवाय दिसतं. भोवतालच्या जाड वलयामुळे कडेच्या प्रतिमेचं केंद्र पुढे येतं. हाँगकाँगमध्ये पॉलीन चो आणि सिन-वान च्युंग यांनी १०२ मुलांवर केलेल्या चाचणीत दोन वर्षांत चष्मेवाल्यांचा डोळा ०.६३ मिलिमीटरने लांबला, रात्रीच्या लेन्सवाल्यांचा ०.३६ ने. हे २०१२ साली छापून आलं. पण यात एक उणीव राहणारच होती. रात्री लेन्स आणि दिवसा चष्मा, कोणाला काय दिलंय हे मुलाला आणि आईबापांना दिसतंच.

ही उणीव दूर केली दिवसा घालून रात्री फेकून द्यायच्या मऊ लेन्सच्या चाचणीने. वलयांची लेन्स आणि साधी लेन्स, दोन्ही एकाच पदार्थाच्या, एकाच आकाराच्या, एकाच वेष्टनात. सिंगापूर, कॅनडा, इंग्लंड आणि पोर्तुगाल इथली ८ ते १२ वर्षांची १४४ मुलं सोडतीने वाटली. कोणाच्या डोळ्यात कोणती लेन्स हे मुलांना ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही नव्हतं. तीन वर्षांनी साध्या लेन्सच्या मुलांचा नंबर १.२४ ने वाढला, वलयांच्या लेन्समध्ये ०.५१ ने. लांबी अनुक्रमे ०.६२ आणि ०.३० मिलिमीटर. नंबर आणि लांबी दोन्ही एका दिशेला बोलत होते. या आकड्यांवर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘मायसाइट’ या लेन्सला मुलांचा नंबर मंदावण्यासाठी परवानगी दिली; तिथे या कामासाठी मंजुरी मिळालेली ही पहिलीच लेन्स. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या दुसऱ्या एका चाचणीत ७ ते ११ वर्षांच्या २९४ मुलांचे तीन गट करून वलयातला प्लस किती असावा हे पाहिलं. अडीचचा प्लस असलेल्यांचा डोळा तीन वर्षांत ०.४२ मिलिमीटर लांबला, दीडवाल्यांचा ०.५८, साध्या लेन्सवाल्यांचा ०.६६. मात्रा वाढली तसा परिणामही वाढताना दिसला, आणि वलयातला प्लस काम करतोय या म्हणण्याला त्याने बळ मिळालं.

जाहिरातीत ‘५९ टक्के कमी’ असं वाचायला मिळतं. आकडा खोटा नाही. पण मला त्याऐवजी पाऊण नंबर म्हणणं जास्त प्रामाणिक वाटतं, कारण तीन वर्षांत वाचलं ते तेवढं. दहा वर्षं लेन्स घातली तर त्याच टक्केवारीने वाचत राहील, असं धरून चालता येत नाही. वाढ आपोआप मंदावत जाते आणि वाचण्यासारखं उरलेलंही कमी होत जातं.

आता आईबापांचा खरा प्रश्न. आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यात लेन्स घालायची?

यासाठी लेन्सच्या जन्माकडे जावं लागतं. झ्युरिकमधल्या आडोल्फ ऑयगेन फिक यांनी १८८८ मध्ये काचेच्या लेन्सचा लेख प्रसिद्ध केला. आधी सशांवर, मग स्वतःवर, मग रुग्णांवर प्रयोग. लेन्स पांढऱ्या भागावर टेके, आत द्राक्षशर्करेचं पाणी. काही तासांत सगळं धुरकट दिसू लागे. पुढच्याच वर्षी कील शहरातल्या आउगुस्ट म्युलर यांनी आपल्या मायनस चौदा नंबरसाठी काचेची लेन्स करून पाहिली. कोकेनचे थेंब घालूनही अर्ध्या तासापलीकडे सहन झाली नाही. धुरकट दिसण्याचं कारण कळायला साठ वर्षं गेली. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. तो प्राणवायू थेट हवेतून घेतो. १९५२ मध्ये स्मेल्सर आणि ओझानिक्स यांनी माणसांच्या डोळ्यांवर घट्ट गॉगल बसवून त्यात नायट्रोजन सोडला, आणि कॉर्निया सुजून धुरकट दिसू लागलं.

प्रागच्या ओटो विख्टेर्ले यांनी पाणी धरून ठेवणारा मऊ पदार्थ घडवला, पण सरकारी खात्याने प्रकल्प गुंडाळला. १९६१ च्या नाताळात त्यांनी घरच्या टेबलावर मुलांच्या ‘मेर्कुर’ या धातूच्या जोडणी-खेळण्यातून एक यंत्र उभं केलं, त्याला सायकलचा डायनॅमो जोडला आणि फिरत्या साच्यात द्रव टाकून चार लेन्स ओतल्या. जगातल्या मऊ लेन्सचा उद्योग त्या खेळण्यातून निघाला आहे. पण या पदार्थातूनही प्राणवायू जेमतेम जाई. १९८४ मध्ये सिडनीचे ब्रायन होल्डन आणि जॉर्ज मर्ट्झ यांनी मोजून सांगितलं की लेन्स रात्री घालून झोपायचं तर तेव्हाच्या लेन्सच्या कितीतरी पट प्राणवायू आत जायला हवा. कंपन्या त्या आकड्याच्या मागे लागल्या. होल्डन यांचं हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेशी जवळचं नातं होतं, आणि १९९० च्या दशकात अहोरात्र घालायच्या लेन्सच्या कितीतरी निरीक्षणांना तिथल्या स्वयंसेवकांचे डोळे आधाराला होते. शेवटी १९९९ च्या सुमारास सिलिकॉनयुक्त लेन्स बाजारात आल्या. प्राणवायू भरपूर, सूज नाही, डोळे लाल नाहीत.

आणि सगळ्यांनी गृहीत धरलं की आता जंतुसंसर्गही कमी होईल. प्राणवायू मिळालेला कॉर्निया निरोगी, निरोगी कॉर्नियात जंतू शिरणार कसे? अमेरिकेत १९८९ साली मोजलं होतं: दिवसा मऊ लेन्स घालणाऱ्या दर दहा हजारांत वर्षाला चौघांना कॉर्नियाचा गंभीर संसर्ग होत होता, रात्रीही घालणाऱ्यांत एकवीस जणांना. फियोना स्टेपलटन यांनी ऑस्ट्रेलियात देशभराची मोजदाद केली, ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. रात्री घालायच्या जुन्या लेन्समध्ये दहा हजारांत १९.५. नव्या, प्राणवायूने भरलेल्या लेन्समध्ये २५.४. सुधारणा शून्य! दिवसापुरत्या मऊ लेन्स घालणाऱ्यांत मात्र अवघे १.९. वीस वर्षांची अभियांत्रिकी एका बाजूला आणि ‘रात्री काढून ठेवा’ हा साधा सल्ला एका बाजूला, आणि सल्ल्याचं पारडं जड. सूज प्राणवायूने कमी झाली, पण संसर्गाची वाट वेगळी होती. मिटलेल्या पापणीखाली अश्रू वाहत नाहीत, जंतूंना मुक्काम करायला रात्र मिळते.

म्हणून मुलांच्या बाबतीत रोज नवी लेन्स आणि रात्री लेन्स नाही, हा भाग मला लेन्सवरच्या वलयांइतकाच महत्त्वाचा वाटतो. रात्रीच्या कडक लेन्सचा फायदा मान्य करूनही मी हे म्हणेन. दुसरा शत्रू पाणी. नळाचं, टाकीचं, बोअरचं, तलावाचं. त्यातला अकँथअमीबा नावाचा एकपेशीय जीव लेन्सखाली सापडला की महिनोन्महिने हटत नाही आणि बुबुळावर फूल पाडून जातो. ओल्या हाताने लेन्स धरणं आणि लेन्स घालून पोहणं, दोन्ही बंद. गंमत अशी की या बाबतीत लहान मुलं मोठ्यांपेक्षा भरवशाची निघतात. बुलिमोर यांनी २०१७ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले. ८ ते ११ वर्षांच्या मुलांत लेन्समुळे होणाऱ्या कॉर्नियाच्या तक्रारी मोठ्यांपेक्षा जास्त नव्हत्या, बहुधा कमीच होत्या. बेफिकिरी येते ती कॉलेजात, लेन्स घालूनच झोपणाऱ्या वयात.

लेन्सशिवायचे उपायही आहेत, आणि तिथेही तोच धडा. सिंगापूरच्या एका चाचणीत अॅट्रोपिनचे अगदी सौम्य, ०.०१ टक्क्यांचे थेंब नंबर छान मंदावतात असं २०१२ मध्ये दिसलं आणि जगभर ते लिहून दिले जाऊ लागले. लांबीच्या रकान्यात मात्र तेव्हाच कुजबुज होती. पुढे हाँगकाँगमध्ये खोट्या थेंबांशी तुलना करून पाहिलं, तेव्हा ०.०१ चा लांबीवरचा परिणाम नगण्य निघाला, ०.०५ चा चांगला. ग्वांगजौमध्ये बारा शाळांपैकी सहा शाळांतल्या पहिलीच्या मुलांना तीन वर्षं रोज चाळीस मिनिटांचा जादा तास मैदानावर दिला. मैदानवाल्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना चष्मा लागला, बाकीच्यांत ३९.५ टक्के. चष्मा लागण्याआधी हे उपयोगी आहे. लागल्यानंतर मैदानाचा किती उपयोग, हे तितकं स्पष्ट नाही.

औषधाच्या थेंबांत एक भीती असते: थांबवले की वाढ उसळी घेते. सिंगापूरमध्ये जास्त तीव्रतेच्या थेंबांनी तसं केलंच होतं. लेन्सचं काय? अमेरिकेतल्या त्या २९४ मुलांपैकी पुढे आलेल्या सगळ्यांना दोन वर्षं अडीच प्लसची लेन्स दिली आणि मग एक वर्ष साधी. २०२५ मध्ये उत्तर आलं. उसळी नव्हती; डोळे वयाला साजेशा वेगाने वाढू लागले, मिळवलेलं शिल्लक राहिलं.

एवढं कळल्यावर नवी चाचणी करणाऱ्यांपुढे पेच आहे. वाढ मंदावणारी लेन्स हाताशी असताना अर्ध्या मुलांना तीन वर्षं साधी लेन्स कशी द्यायची? काही जण आता जुन्या आकड्यांवरून बांधलेल्या काल्पनिक गटाशी तुलना करू पाहतात. म्हणजे जुन्या कागदांशी तुलना करण्याची तीच वाट, फक्त गणित चांगलं. मायसाइटच्या चाचणीत तीन वर्षं संपल्यावर साध्या लेन्सच्या मुलांनाही वलयांच्या लेन्स देण्यात आल्या आणि आणखी तीन वर्षं सगळ्यांना मोजलं. बदल केल्यापासून त्यांच्याही डोळ्यांचा वेग मंदावला, पहिल्यापासून खरी लेन्स मिळालेल्या मुलांइतकाच. आधीच्या तीन वर्षांत वाढलेली लांबी मात्र सहाव्या वर्षाच्या मोजमापातही तशीच होती.